भगत्वचेचे विकार

भगत्वचेचे विकार : स्त्रीच्या बाह्य जननांगाच्या (भग, मायांग) कातडीवर आणि लगतच्या जांघेत होणारे रोग. योनी ही आतली नळी आणि भग हा बाहेरून दिसणारा भाग. पण रोजच्या बोलण्यात हा फरक राहत नाही. मराठवाड्यात तक्रार ‘खाली लई खाजवतंय’, ‘जागेवर आग होती’ इथपर्यंतच येते. पांढरे जाणे, लघवीची जळजळ आणि कातडीवरचा चट्टा हे सगळे त्या एका ‘खाली’त जमा होते. ‘अवघड जागेचं दुखणं अन् जावई वैद्य’ या म्हणीतली अडचण दुखण्याची नाही, दाखवण्याची आहे. या विकारांत तर पाहिल्याशिवाय निदान होतच नाही, कारण खाज एकच असली तरी तिची कारणे दहा असतात.

आधी रोग नसलेल्या गोष्टी. जांघेची कातडी उरलेल्या अंगापेक्षा काळी असणे स्वाभाविक आहे. ती उजळवायची क्रीम लावून अनेकींनी खरा रोग ओढवून घेतला आहे. भगाच्या ओठांवरचे (योनीच्या तोंडाभोवतीच्या घड्यांवरचे) बारीक पिवळसर दाणे या तेलग्रंथी असतात. आतल्या ओठांवर दोन्ही बाजूंना सारखे दिसणारे मऊ बारीक उंचवटेही निरुपद्रवी असतात, त्यांना चामखीळ समजून जाळू नये. मात्र जांघेसोबत मान आणि काखही मखमलीसारखी जाड व काळी होत असेल, तर रक्तातील साखर तपासावी.

सर्वांत जास्त आढळतो तो जांघेतला नायटा, म्हणजेच गजकर्ण. ही बुरशी आहे. कड लाल आणि उठलेली, मध्यभाग निवळलेला, अशी ती गोल पसरत जाते. घाम, घट्ट नायलॉनचे कपडे, न वाळलेला परकर आणि घरात सगळ्यांचा मिळून एकच टॉवेल ही तिची सोय. खरे नुकसान मात्र मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली ट्यूब करते. तिच्यात बहुधा बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि स्टेरॉईड असे तिन्ही असते. स्टेरॉईडने खाज दोन दिवसांत थांबते, बाई निर्धास्त होते आणि बुरशी आत पसरत राहते. ट्यूब बंद केली की दुप्पट उसळते. महिनोन्‌महिने लावल्यास कातडी पातळ होऊन जांघेत कायमचे वळ उमटतात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये लावायची अनेक स्टेरॉईड मलमे चिठ्ठीच्या औषधांत टाकली, तरी दुकानात ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हटले की हातात पडते ती अजूनही तीच. नायट्याचा उपचार काही आठवड्यांचा असतो आणि घरात ज्याला ज्याला खाज आहे त्या सगळ्यांनी तो एकदम घ्यावा लागतो.

दुसरी बुरशी कँडिडा. हिच्यात कवडी दह्यासारखा स्राव जातो, ओठ सुजतात, कातडीला बारीक चिरा पडतात आणि त्यांना लघवीचा स्पर्श झाला की झोंबते. वर्षात तीन-चार वेळा हा त्रास उलटला तर मधुमेहाची तपासणी करावीच. गरोदरपणात यासाठी गोळी मनाने गिळू नये; योनीत ठेवायचे औषध डॉक्टर देतात.

रसायनांनी होणारा दाह अनेकदा स्वच्छतेच्या हौसेतून येतो. जंतुनाशक टाकलेले पाणी, सुगंधी साबण, पावडर, केस काढायची क्रीम, सुगंधी पॅड ही नेहमीची कारणे. टंचाईच्या दिवसांत आणखी एक भर पडते. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा वेळी कपडे एका पाण्यातून खळबळून काढले की धुण्याच्या पावडरीचा अंश त्यांत राहतो. मायांग धुवायला साधे पाणी पुरते. आत काहीही घालून धुऊ नये.

लायकेन स्क्लेरोसस हा विकार कमी ऐकिवात आहे, म्हणून येथे थोडे सविस्तर. पाळी गेलेल्या बायकांत तो जास्त आणि लहान मुलींतही दिसतो. कातडी पांढरी, पातळ, चुरगळलेल्या कागदासारखी होते; खाज रात्री झोपू देत नाही; पुढे ओठ आक्रसून द्वार अरुंद होते. पांढरे दिसले की घरात ‘कोड’ हा शब्द येतो आणि त्यामागोमाग लग्नाची चिंता. पण कोडात सहसा खाज नसते आणि कातडीचा पोत बदलत नाही. हा रोग लागट नाही. विशेष म्हणजे, नायट्यात घात करणारे तीव्र स्टेरॉईड मलमच यावरचा मुख्य उपचार आहे, मात्र निदान झाल्यावर आणि ठरलेल्या मापाने. उपचाराविना राहिलेल्या थोड्या रुग्णांत त्या जागी कर्करोग होऊ शकतो, म्हणून वर्षातून एकदा तरी दाखवत राहावे.

केसतोड वस्तरा फिरवल्यावर होतात व बहुधा आपोआप बसतात. जांघेत आणि काखेत पुन्हापुन्हा गळवे येऊन वाहू लागली, तर तो वेगळा, चिवट आजार असतो; अस्वच्छतेशी त्याचा संबंध नाही. लैंगिक संबंधातून येणाऱ्या रोगांपैकी जननांगाच्या हर्पिसचे बारीक फोड दुखतात. उपदंशाचा (सिफिलिसचा) व्रण मात्र दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरतो. बाई बरी झाले समजते, रोग रक्तात राहतो. नवऱ्याची तपासणीही तेव्हाच व्हायला हवी.

ताप येऊन सूज झपाट्याने पसरत असेल, कातडी काळी पडत असेल किंवा लघवी अडली असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मधुमेही बाईने तर रात्रही काढू नये. बाळंतपण जवळ आले असताना फोड उठले तरी लगेच सांगावे. दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, गाठ, रक्त येणे, रंग बदलणारा डाग यांसाठी कातडीचा छोटा तुकडा काढून तपासतात. तेवढ्याच जागेला भूल देऊन होणारे हे काम काही मिनिटांचे असते.

छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ, तसेच लातूर व नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत या तपासण्या होतात. ‘त्वचा व गुप्तरोग विभाग’ या पाटीमुळे बायका दाराशीच अडखळतात. त्यांनी आधी स्त्रीरोग विभागात गेले तरी चालते. तपासताना बाई डॉक्टर किंवा सोबतीला परिचारिका मागता येते. बीडमधील ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. म्हणून हे स्पष्ट लिहावे लागते : कातडीच्या खाजेवर गर्भपिशवी काढणे हा उपचार नाही, तसे कोणी सुचवल्यास दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावे. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, संपलेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्याव्यात. त्यांच्यावरची नावे वाचून डॉक्टरांना अर्धा इतिहास कळतो.