डिजिटल वर्ग आणि शिक्षणातील समान संधी

दूरचित्रवाणी संच किंवा प्रोजेक्टर, संगणक किंवा टॅब, वीज साठवण्याची सोय आणि पाठ्यक्रमाशी जोडलेले दृक्‌श्राव्य साहित्य यांच्या आधाराने जेथे रोजचे अध्यापन चालते, त्या वर्गखोलीला महाराष्ट्रात डिजिटल वर्ग म्हणतात. प्रस्तुत नोंद मुख्यतः जिल्हा परिषदांच्या प्राथमिक शाळांविषयी आहे. शाळेत आलेले उपकरण आणि प्रत्येक मुलाला त्याचा मिळणारा उपयोग यांत किती अंतर राहते, ते का राहते आणि डी.एल.एड. किंवा बी.एड. करणाऱ्या छात्राध्यापकाने त्याचा विचार पाठ टाचणातच कसा करावा, हा नोंदीचा विषय आहे.

पूर्वपीठिका : मराठी शाळांसाठी पडद्यावरचे शिक्षण नवे नाही. पुण्यातील ‘बालचित्रवाणी’ ही संस्था १९८४ मध्ये सुरू झाली आणि तिचे कार्यक्रम दूरदर्शनवरून प्रसारित होत. ज्या शाळेत संच नव्हता, किंवा प्रसारणाच्या वेळी वीज नव्हती, तेथे ते पोचत नसत. २००४ पासूनच्या केंद्र पुरस्कृत योजनेतून माध्यमिक शाळांना संगणक कक्ष मिळाले. प्राथमिक शाळांत ही लाट २०१० नंतर आली. शहापूर तालुक्यातील (जि. ठाणे) पष्टेपाडा येथील जिल्हा परिषद शाळा ही तिच्यातील सुरुवातीची बहुचर्चित शाळा. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाल्यावर शाळा डिजिटल करण्याची जिल्ह्याजिल्ह्यांत चढाओढ लागली.

या चढाओढीचा पैसा मोठ्या प्रमाणावर लोकवर्गणीतून आला, आणि विषमतेचे पहिले बीज तेथेच आहे. बागायती गावात, सरपंच आणि माजी विद्यार्थी हौशी असतील तर एका ग्रामसभेत दोन संचांचे पैसे जमतात. मजुरीवर जगणाऱ्या पाड्यावर किंवा वस्तीशाळेत ते कधीच जमत नाहीत. शिक्षकांनी पदरमोड करून ही उणीव भरून काढल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. पण एखाद्या शिक्षकाची पदरमोड म्हणजे व्यवस्था नव्हे, कारण त्याची बदली होते. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचेही तसेच. तो बहुधा कारखान्याच्या आसपासच्या आणि डांबरी रस्त्यावरच्या शाळांना आधी सापडतो.

क्यूआर कोड आणि दीक्षा : ५ सप्टेंबर २०१७ रोजी केंद्र शासनाचा ‘दीक्षा’ हा ऑनलाइन शैक्षणिक साहित्याचा मंच सुरू झाला आणि पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड त्याला जोडले गेले. पाठ्यपुस्तकाला कोडची जोड देण्याच्या कामासाठी परितेवाडी (ता. माढा, जि. सोलापूर) येथील शिक्षक रणजितसिंह डिसले यांची जगभर दखल घेतली गेली. त्यांना २०२० चे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले. दहा लाख डॉलरच्या रकमेतील निम्मी त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटली.

कोडची सोय स्वस्त आहे, पण ती कोडच्या पलीकडच्या फोनवर आणि जाळ्यावर (इंटरनेटवर) अवलंबून राहते. म्हणून जाणते शिक्षक वर्गात कोड स्कॅन करत बसत नाहीत. ते आदल्या दिवशी तालुक्याच्या गावी किंवा रेंज असलेल्या टेकाडावर साहित्य उतरवून घेतात, फोनमधून पेनड्राइव्हवर घेतात आणि वर्गात जाळ्याविना दाखवतात. दीक्षा अ‍ॅपमध्ये उतरवलेले साहित्य एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जाळ्याविना देताही येते. कोड फाटला किंवा पुसट छापला गेला असेल, तर त्याच्या खालचा सहा अक्षरी सांकेतांक टाइप करूनही तेच पान उघडते. पालकांना ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते. जुनी, हातोहात आलेली पुस्तके वापरणाऱ्या मुलांना तिचा सर्वांत जास्त उपयोग आहे.

पडदा आणि बसण्याची जागा : जिल्हा परिषद शाळेत मुले बहुधा बस्करपट्टीवर बसतात, म्हणून पडद्याची उंची बाकांच्या हिशेबाने ठरवून चालत नाही. संचाची खालची कड जमिनीपासून तीन ते साडेतीन फुटांवर असावी. त्याहून उंच लावला तर पुढच्या मुलांच्या माना अवघडतात. खाली लावला तर मागच्यांना पुढच्यांची डोकी दिसतात. पडद्यावरचा मजकूर वाचायचा असेल तर सर्वांत मागचे मूल चित्राच्या उंचीच्या सहापटीपेक्षा दूर नसावे, असा सर्वसाधारण नियम आहे. ४३ इंची संचाच्या चित्राची उंची सुमारे २१ इंच भरते, म्हणजे मजकूर सुमारे साडेदहा फुटांपर्यंतच सुखाने वाचता येतो. वीस फूट लांब खोलीत याचा अर्थ उघड आहे : मागची निम्मी मुले फक्त चित्र पाहतात. आणि मागे कोण बसते, हे शिक्षकाला ठाऊक असते. उशिरा येणारी, गैरहजेरी जास्त असलेली, कधी जातीने किंवा बोलीने वेगळी पडलेली मुले तेथे असतात. उपाय साधे आहेत. दोन गट करून आलटून पालटून दाखवावे, रांगा रोज एकेक पुढे सरकवाव्यात, आणि अक्षरे मोठी करून एका पानावर पाच-सहा ओळींपेक्षा जास्त मजकूर देऊ नये.

संच खिडकीसमोर लावला की काचेवर उजेड पडून चित्र फिके होते. तो खिडकीच्या काटकोनातील भिंतीवर लावावा. प्रोजेक्टरसाठी ऑइलपेंटची भिंत वापरू नये, ती चकाकते. साधा पांढरा चुना पुरतो.

वीज : वर्ग बंद पडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण वीज हेच आहे, मग ती भारनियमनाने गेलेली असो की थकीत बिलापायी तोडलेली. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-तास असतात. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून खाली उतरवली तर लवकर मरते. इन्व्हर्टरमधली तूट वजा जाता हाती सुमारे ७०० वॅट-तास उरतात. एवढ्यावर ८०-१०० वॅटचा एलईडी संच सात तास चालतो, तर २५०-३०० वॅटचा प्रोजेक्टर अडीच तासांत थांबतो. त्याच जोडणीवर कोणी ७५ वॅटचे दोन पंखे लावले की हिशेब आणखी बिघडतो. लहान शाळेने प्रोजेक्टरऐवजी संच घ्यावा, याचे हेच खरे कारण आहे. बॅटऱ्या मे महिन्यात मरतात. सुटीत महिना-दीड महिना त्यांना कोणी चार्ज करत नाही, उन्हाळ्यात पाणी आटते आणि शाळा उघडल्यावर त्या तासभरही टिकत नाहीत. सुटी लागण्यापूर्वी बॅटरीचे शुद्ध (डिस्टिल्ड) पाणी भरावे आणि पंधरवड्यातून एकदा चार्ज करण्याची जबाबदारी शाळा व्यवस्थापन समितीतील गावच्याच एखाद्या सदस्याकडे द्यावी. पावसाळ्यात गळके कौल आणि वायरी कुरतडणारे उंदीर यांचा बंदोबस्तही याच खात्यात धरावा.

माउस कोणाच्या हातात : एका टॅबमागे चार-पाच मुले असली की टॅब नेमका एकाच्या मांडीवर जातो. ते मूल बहुधा मुलगा असते, आणि बहुधा ज्याच्या घरी फोन आहे तो. त्याला आधीच येत असते म्हणून त्याला मिळते, आणि मिळते म्हणून आणखी येते. चारांचा गट करून कामे वाटून द्यावीत : एकाने बोट चालवायचे, एकाने मोठ्याने वाचायचे, एकाने वहीत लिहायचे आणि एकाने शंका विचारायची. दर आठ-दहा मिनिटांनी कामे फिरवावीत. ज्याला येते त्याने सांगायचे, पण हात लावायचा नाही, ही अट घातल्याशिवाय फेरपालट नुसता नावाचा राहतो. कोणी किती वेळा हाताळले याची खूण हजेरीपटाशेजारच्या कागदावर केली, तर महिन्याअखेर कोण राहून गेले ते नजरेत येते.

द्विशिक्षकी शाळेतील अडचण वेगळी आहे. एक शिक्षक दोन-तीन इयत्ता सांभाळतो, तेव्हा एका इयत्तेसमोर संच लावून दुसरीला शिकवणे अपरिहार्य होते. ते वाईट नाही; पण पाहण्याआधी दोन प्रश्न फळ्यावर लिहिलेले नसतील आणि पाहिल्यावर वहीत काही उतरवायचे नसेल, तर संच राखणदार ठरतो. शहरी, महागड्या शाळेतील मूल यंत्राकडून काही करवून घेते आणि पाड्यावरचे मूल यंत्राकडे नुसते पाहत बसते, असा हा फरक आहे. शाळेतील उपकरणांची संख्या मोजून तो कळत नाही.

घरचा फोन : २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर राज्यात ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ हा उपक्रम चालला आणि सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका दाखवली गेली. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत त्या वर्षी देशाच्या ग्रामीण भागातील शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८ मध्ये हे प्रमाण ३६.५ टक्के होते. २०२३ च्या ‘असर’ पाहणीत १४ ते १८ वयोगटातील स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ४३.७ टक्क्यांकडे, तर मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडे स्वतःचा फोन आढळला. घरात फोन असणे आणि तो मुलीच्या हाती असणे या दोन गोष्टी आहेत.

शालेय अनुभवासाठी गेलेल्या छात्राध्यापकाने म्हणून ‘घरी फोन आहे का?’ एवढेच विचारून तक्ता भरू नये. फोन कोणाचा, तो घरी किती वाजता येतो, रिचार्ज आहे का, भावंडे किती आणि त्यांतील दहावी-बारावीचे कोण, हे विचारावे. वडील सातला कामावरून येत असतील तर व्हॉट्सअ‍ॅपवरचा गृहपाठ रात्री जेवणाच्या वेळी उघडतो. जो गृहपाठ फोनवर दिला, तोच फळ्यावरही लिहावा. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातील मुले ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत फडावर असतात. त्यांच्यासाठी निघण्यापूर्वीच साहित्य मेमरी कार्डावर भरून द्यावे आणि सोबत शिक्षण हमी कार्ड द्यावे, म्हणजे तिकडच्या शाळेला त्यांची पातळी कळते.

पाठ टाचणातील ‘शैक्षणिक साहित्य’ या रकान्याखाली आणखी एक ओळ असावी : ‘वीज गेल्यास’. निरीक्षकाच्या गुणांसाठी तयार केलेले स्लाइड शो सराव पाठात हमखास दिसतात. वीज गेल्यावर त्याच छात्राध्यापकाकडे एक चित्रही नसते. खडू, मणी आणि काड्यांनी जे नीट शिकवता येते त्यासाठी संच लावू नये. ज्वालामुखी, हृदयाचे ठोके, समुद्र न पाहिलेल्या मुलांना भरती-ओहोटी, येथे त्याची जागा आहे.

बोली आणि अपंगत्व : उपलब्ध साहित्य बहुतेक प्रमाण मराठीत आहे. कोरकू, गोंडी, भिली किंवा वारली बोलणाऱ्या पहिली-दुसरीच्या मुलांसाठी आवाज बंद करून चित्र दाखवावे आणि गोष्ट त्यांच्या बोलीत गावातल्याच कोणाकडून सांगवावी. ती ध्वनिमुद्रित केली की पुढच्या वर्षीही वापरता येते. दृष्टिहीन मुलांसाठी एनव्हीडीए हे विनामूल्य पडदावाचक मराठी वाचते, मात्र मजकूर युनिकोडमध्ये हवा. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली प्रश्नपत्रिका त्याच्या दृष्टीने निरर्थक अक्षरांची माळ असते, आणि फोटो काढून केलेली पीडीएफ तर कोरा कागद. लाल-हिरव्या रंगांनी बरोबर-चूक दाखवणारे खेळ रंगांधळ्या मुलांना खेळता येत नाहीत. बरोबर-चुकीची खूणही हवी.

देखभाल : उपकरणाची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) होते आणि मोडले तर भरून कोण देणार, या धास्तीने ते कपाटात जाते. हँडपंप दुरुस्तीला निधी मिळतो, पण रिमोटच्या सेलसाठी मिळत नाही, ही मुख्याध्यापकांची जुनी तक्रार आहे. वर्गणी गोळा करतानाच किमतीच्या दहाएक टक्के रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला ठेवणे शहाणपणाचे. नादुरुस्त संचाच्या निर्लेखनाचा, म्हणजे तो नोंदीतून कमी करण्याचा, प्रस्तावही वेळेत पाठवावा लागतो. तो होईपर्यंत बंद पडलेला संच रजिस्टरमध्ये ‘आहे’ असाच राहतो आणि शाळा कागदावर डिजिटल असते.