इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठी इंधनजुळणी
पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळल्यावर हवा-इंधनाच्या प्रमाणात, व गरजेनुसार ठिणगीच्या वेळेत, करावा लागणारा फेरबदल. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे 14.7 पट हवा लागते. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने त्याला सुमारे 9 पट पुरते. त्यामुळे हे गुणोत्तर ई10 (10 टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल) साठी 14.1 च्या, तर ई20 (20 टक्के) साठी 13.5 च्या आसपास येते.

या जुळणीचा उगम विवाद्य आहे. फोर्डची ‘मॉडेल टी’ (1908) मुळात अल्कोहोलसाठीच घडवली होती, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. तिच्या कार्बोरेटरची (हवेत इंधन मिसळणाऱ्या भागाची) इंधन कमी-जास्त करणारी सुई चालकाला बसल्या जागेवरून फिरवता येई आणि ठिणगीची वेळही हाताने मागेपुढे करता येई, एवढे निश्चित. ही सोय त्या काळच्या बेभरवशाच्या पेट्रोलसाठी होती, हे मत अधिक ग्राह्य वाटते. भारतात पॉवर अल्कोहोलचा (इंधन म्हणून वापरायच्या अल्कोहोलचा) कायदा 1948 चा. मिश्रणाचा सध्याचा कार्यक्रम 2003 पासूनचा. ई20 ची विक्री 2023 मध्ये सुरू झाली.

कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत जुळणी हातानेच करावी लागते. मिश्रण विरल (हवेच्या मानाने इंधन कमी) झाले की गाडी सकाळी लवकर सुरू होत नाही, पिकअप अडखळतो, प्लग पांढरट दिसतो. ई20 साठी इंधन सुमारे 8 टक्के जास्त सोडावे लागते. मेन जेटच्या (इंधन सोडणाऱ्या मुख्य तोटीच्या) भोकाचा व्यास 4 टक्के वाढवला, की क्षेत्रफळ सुमारे 8 टक्के वाढते. स्लो रनिंगचा (गाडी उभी असताना इंजिन मंद चालू ठेवणाऱ्या मिश्रणाचा) स्क्रू मात्र आधी ओळखावा. तो एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, आत फिरवल्यास मिश्रण समृद्ध (इंधन जास्त असलेले) होते. इंजिनाच्या बाजूला असेल तर बहुधा इंधनाचा, तो बाहेर फिरवावा लागतो. जुळणीवर गावाच्या उंचीचाही परिणाम होतो. उदाहरणार्थ, इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर आहे. तिथली हवा किंचित विरळ असल्याने कार्बोरेटरचे मिश्रण आपोआप थोडे समृद्ध होते आणि इथेनॉलमुळे आलेली विरलता काही अंशी भरून निघते. म्हणून किनारपट्टीवरच्या गाडीचा जेट नंबर तिथे जसाच्या तसा उतरवू नये.

इंजेक्शनच्या गाड्यांत धुरातील ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या संकेतावरून ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) इंधन वाढवतो. थंड इंजिन सुरू करताना आणि पूर्ण थ्रॉटलवर मात्र तो बहुधा आधीच साठवलेल्या आकड्यांवर चालतो, तिथे रिमॅपिंगचा (ते आकडे बदलण्याचा) उपयोग होतो. इथेनॉलचा ऑक्टेन अंक (अवेळी पेट न घेण्याची क्षमता) जास्त असल्याने ठिणगी थोडी आधी देता येते. जुळणी कितीही नेमकी केली तरी ॲव्हरेजची घट पुरती भरून येत नाही, कारण लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच असते. इथेनॉलला न टिकणाऱ्या रबरी नळ्या व सील यांचा प्रश्न जुळणीने सुटत नाही. ते बदलावेच लागतात.

वेगवेगळ्या प्रमाणातील मिश्रणांवर चालणाऱ्या फ्लेक्स-फ्युएल गाडीत इथेनॉलचे प्रमाण सेन्सर मोजतो किंवा ईसीयू अंदाजाने ठरवतो.