‘स्वतःचीच चरबी, म्हणून निर्धोक’ या समजाविषयी खुलासा

चेहरा भरीव दिसावा म्हणून टोचली जाणारी चरबी रुग्णाच्याच पोटातून वा मांडीतून काढलेली असते, त्यामुळे तिच्यापासून अपाय संभवत नाही, असा समज दीर्घकाळ प्रचलित आहे. त्यात तथ्य एवढेच की स्वतःच्या चरबीची ॲलर्जी सहसा होत नाही. खरा धोका ती रक्तवाहिनीत शिरण्याचा आहे. भुवयांमधील भाग, नाक व कपाळ येथील धमन्या डोळ्याच्या धमनीशी जोडलेल्या असतात. टोचताना चरबी अशा धमनीत जोराने ढकलली गेली, तर ती प्रवाहाच्या उलट दिशेने मागे सरकते आणि दाब ओसरताच पुढे वाहून दृष्टिपटलाचा, क्वचित मेंदूचाही, रक्तपुरवठा तोडते. असे प्रसंग विरळ आहेत, हे मान्य. परंतु फिलर (भरीवपणासाठी त्वचेखाली टोचला जाणारा पदार्थ) टोचल्यानंतर दृष्टी बाधित झालेल्या ९८ रुग्णांच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात जवळजवळ निम्म्या जणांना स्वतःचीच चरबी टोचलेली होती. हायलुरॉनिक ॲसिडचे फिलर विरघळवणारे विकर तरी उपलब्ध आहे; चरबीवर तसा उतारा नाही, आणि माझ्या मते संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी रुग्णाला हीच गोष्ट सर्वप्रथम सांगितली गेली पाहिजे. बोथट कॅन्युला (टोचण्याची बोथट टोकाची बारीक नळी), कमी दाब आणि अल्प मात्रा यांमुळे धोका घटतो, संपत नाही. टोचताना अचानक दिसेनासे झाले किंवा डोळ्यात तीव्र वेदना उठली, तर प्रक्रिया तत्काळ थांबवून नेत्रतज्ज्ञ असलेले रुग्णालय गाठावे.