एका कवडीचं वजन

"काकू, काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्लंत?"

"काय खाणार? भात नि बांगड्याचं सार."

"सारात खोबरं किती?"

"एक कवड वाटली."

वेंगुर्ल्याकडच्या कुठल्याही घरात आहाराची पाहणी करताना घोडं इथेच अडतं. कवड म्हणजे फोडलेल्या नारळाचं एक भकल, अर्धा भाग. पण नारळ केवढा होता? खोबरं करवंटीपर्यंत खवलं, की आधीच थांबलात? सार किती जणांनी खाल्लं? ओल्या खोबऱ्याच्या वजनाचा तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, स्निग्धांश असतो. त्यामुळे कवडीचा अंदाज चुकला की उष्मांकांचा हिशेबही चुकतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017च्या तक्त्यांत 528 अन्नपदार्थांचे घटक दिलेले आहेत, पण खाल्लेलं वजनच चुकीचं धरलं तर ते तक्ते काय करणार!

चोवीस तासांचं खाणं आठवायला लावण्याची पद्धत सगळ्यात जास्त वापरली जाते. त्यात मापाच्या वाट्या पुढे ठेवून पुन्हा पुन्हा विचारावं लागतं. "चहाबरोबर काही?" म्हटल्यावर चहात बुडवून खाल्लेला बटर आठवतो. सगळ्यांना वाढून झाल्यावर टोपातला उरलेला भात काकूंनी खाल्लेला असतो, तो मात्र त्यांच्या लेखी जेवणच नसतं. हा दोष मी काकूंना देणार नाही. प्रश्न विचारणाऱ्यानेच तिथवर पोचायला हवं.

कोकणात एका दिवसावर तर मुळीच विसंबू नये. मे महिन्यात आंबे-फणस, जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी म्हणून सुकट आणि सुके बोंबील, मग श्रावणात कित्येक घरी मासळीच बंद. पाहणी प्रत्येक हंगामात व्हायला हवी.

मिठाचं उत्तर कायम "चवीपुरतं". त्यासाठी चोवीस तासांची लघवी जमवून तपासतात, कारण खाल्लेलं बहुतेक सोडियम तिच्यातूनच बाहेर पडतं. उष्मांकांसाठी हायड्रोजन आणि ऑक्सिजनची जड समस्थानिकं, म्हणजे त्याच मूलद्रव्यांचे जास्त वजनाचे अणू, असलेलं पाणी प्यायला देतात. जड हायड्रोजन पाण्यावाटेच बाहेर जातो, जड ऑक्सिजन पाण्यावाटे आणि कार्बन डायऑक्साइडमधूनही. दोघांच्या बाहेर पडण्याच्या वेगातल्या फरकावरून शरीराने किती कार्बन डायऑक्साइड सोडला ते कळतं, त्यावरून खर्च झालेली ऊर्जा कळते, आणि वजन स्थिर असेल तर तेवढीच पोटात गेलेली असते. या कसोटीवर लोकांनी सांगितलेलं खाणं बहुधा कमीच भरतं.

एवढी सोय गावोगाव कुठून असणार? पण पिशवीत वजनकाटा नेता येतो. खवण्याआधी कवड तोलायची, खवून झाल्यावर करवंटी तोलायची. वजाबाकी केली की सारात पडलेलं खोबरं ग्रॅममध्ये हाती येतं.