जादा सिमेंटचा हिशेब: ‘किमान’ आकड्यामागची पार्श्वभूमी

काँक्रीटची ताकद गोण्यांच्या संख्येपेक्षा पाणी-सिमेंट गुणोत्तरावर ठरते, हे १९१८ मध्येच शिकागोतल्या प्रयोगांनी दाखवले होते. आपल्याकडे मात्र साइटवर ठरीव प्रमाणच चालत राहिले. एम-२० साठी (२८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला २० न्यूटन ताकदीचे काँक्रीट) सिमेंट, वाळू, खडी १:१.५:३ घातले की घनमीटरला सुमारे आठ गोण्या, म्हणजे ४०० किलो सिमेंट लागते. खडी-वाळू चांगली असेल आणि मिक्स डिझाइन (घटकांचे प्रमाण चाचण्या घेऊन ठरवणे) नीट केले, तर तीच ताकद ३२० किलोंच्या आसपास मिळते. मिक्स डिझाइनची पद्धत सांगणारे भारतीय मानक, आयएस १०२६२, हे १९८२ मध्ये आले. पुढे ५३ ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे सिमेंट सर्रास मिळू लागले, तरी गोण्या कमी झाल्या नाहीत.

खरा गुंता झाला तो काँक्रीट बांधकामाच्या आयएस ४५६ या मानकाच्या २००० च्या आवृत्तीतल्या ‘किमान सिमेंट’च्या तक्त्यावरून. आरसीसीसाठी (सळई घातलेल्या काँक्रीटसाठी) घनमीटरला सौम्य आणि मध्यम वातावरणात ३०० किलो, तीव्र वातावरणात ३२०, त्याहून कठीण ठिकाणी ३४० आणि ३६०. हे आकडे ताकदीचे नाहीत, टिकाऊपणाचे आहेत. तक्त्याखालची टीप तर स्पष्टच आहे: सिमेंटची ग्रेड कोणतीही असो, आकडा तोच, आणि योग्यता सिद्ध झाली असेल तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत फ्लाय अ‍ॅश आणि स्लॅग (अनुक्रमे औष्णिक वीज केंद्राची राख आणि लोखंडाच्या भट्टीची मळी) त्यातच मोजता येतात. निविदा लिहिणाऱ्या अनेकांनी ही टीप सोडून दिली. ‘किमान सिमेंट’ म्हणजे निव्वळ ओपीसी (काही न मिसळलेले साधे पोर्टलँड सिमेंट), असा अर्थ रूढ झाला आणि फ्लाय अ‍ॅशकडे भेसळ म्हणून पाहिले गेले. त्यात सरकारी कामांवर सिमेंटचा खप सैद्धांतिक आकड्याशी ताडून पाहतात. कमी भरला तर कंत्राटदाराकडून वसुली निघते. जिथे क्यूब (काँक्रीटचे नमुना ठोकळे) तपासायची सोयच नव्हती तिथे गोण्या मोजणे समजण्यासारखे होते. प्रयोगशाळा हाताशी असतानाही तेच करणे चुकीचे आहे. त्याच मानकाने फ्लाय अ‍ॅश, स्लॅग वगळून ४५० किलोंची वरची मर्यादाही घातली आहे, कारण जादा सिमेंटने उष्णता आणि आकुंचन वाढून तडे जातात. तिचा उल्लेख क्वचितच होतो.

१९९० च्या दशकात मुंबईत आरएमसी (तयार काँक्रीट) प्लँट आले, सुपरप्लास्टिसायझरने (काँक्रीट प्रवाही करणाऱ्या रसायनाने) पाणी घटले आणि गुणोत्तर तेच राखत त्यासोबत सिमेंटही. मग क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) आली. ती पाणी जास्त मागते, म्हणून वाचलेल्यातले थोडे पुन्हा गेले.

उरलेली बचत सातत्यात आहे: ताकदीतला चढउतार जितका कमी, तितके मिश्रणाचे लक्ष्य खाली धरता येते आणि सिमेंट कमी लागते. एम-२५ साठी प्रमाण विचलन (या चढउताराचे माप) ४ धरले तर लक्ष्य ताकद चौरस मिलिमीटरला ३१.६ न्यूटन येते, काटेकोर प्लँटने ते ३ वर आणले तर ३० च्या किंचित खाली. पण आयएस १०२६२ च्या २०१९ च्या आवृत्तीने एम-२५ ला ३०.५ चा तळ घातला आहे. त्यामुळे कितीही काटेकोर काम केले तरी लक्ष्य त्याखाली धरता येत नाही.