उडत नाहीये, टांगलीये!

दिवाळीच्या सुट्टीत नऊ वर्षांचा भाचा घरी आला होता. दुपारी खाली खेळायला कोणी नव्हतं, म्हणून मी त्याला माझा लाडका चिनी सिनेमा लावून दिला. आंग ली या दिग्दर्शकाचा २००० सालचा 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन'. चार ऑस्कर मिळालेला, तलवारी, छपरांवरून पळापळ, बांबूच्या शेंड्यांवर मारामारी असा सगळा मसाला असलेला. तोंडाला काळं फडकं बांधलेली चोर रात्री कौलांवरून अलगद तरंगत निघाली, नायिका मिशेल यो तिच्या मागे लागली, आणि मी भाच्याकडे कौतुकाच्या अपेक्षेनं पाहिलं. चिवड्यातले शेंगदाणे वेचता वेचता तो म्हणाला, "मामा, ही उडत नाहीये. टांगलीये."

मला राग आला. पण लगेच प्रश्नही पडला की याला कळलं कसं? तारा तर पडद्यावर कुठेच दिसत नाहीत, त्या संगणकावर एकेका चौकटीतून (फ्रेममधून) पुसून टाकलेल्या आहेत. न्यूटनचे नियम त्याच्या अभ्यासक्रमात यायला अजून चार-पाच वर्षं आहेत. मग त्याच्या डोळ्यांनी नेमकं काय पकडलं?

थोडी पार्श्वभूमी आधी. या प्रकारच्या कथांना चिनी भाषेत वूश्या म्हणतात. त्यातल्या वीरांना छिंगगोंग येतं. शब्दशः 'हलकेपणाची विद्या'. आपल्या अष्टसिद्धींमधली लघिमा म्हणजे जे, तेच साधारण. पाण्यावरून चालणं, भिंतीवर पळणं, पानाला धक्का न लावता झाडावर उतरणं. कथेत हे फार शोभतं. मात्र दर दोन महिन्यांनी कुणीतरी सिनेमाचाच एखादा तुकडा 'चीनमधील साधूंची प्राचीन विद्या, विज्ञानही थक्क' अशा मथळ्यासह व्हॉट्सॲपवर फिरवतं, तेव्हा डोकं फिरतं. सरावानं माणूस भिंतीवर दोन-तीन पावलं चढू शकतो, ते धावण्याचा वेग आणि तळव्याचं घर्षण यांच्या जोरावर. वजन मात्र कुठल्याही साधनेनं कमी होत नाही. वजनकाट्यावर उभं राहून ध्यान लावून बघावं.

सिनेमात ही सिद्धी ज्यानं मिळते त्याचं चिनी नाव 'वेया'. हा शब्द इंग्रजी 'वायर'वरूनच हाँगकाँगमध्ये तयार झाला. नटाच्या कपड्यांखाली कंबर आणि मांड्यांभोवती जाड पट्ट्यांचा एक साज असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना, कमरेच्या हाडांपाशी, पोलादाची बारीक तार अडकवतात. वर क्रेन किंवा लोखंडी सांगाडा, त्यावर कप्प्या, आणि तारेचं दुसरं टोक ओढायला माणसं. युएन वू-पिंग हे या सिनेमातल्या मारामाऱ्यांचे सूत्रधार. हाँगकाँगच्या या परंपरेत दोर हातानं ओढण्यावरच मदार होती. नटानं उडी घ्यायची आणि त्याच क्षणी खालच्या मंडळींनी दोर घेऊन धावायचं. ताल चुकला तर वीर गचका खाऊन बाहुलीसारखा लटकतो.

तार कमरेलाच का? कारण माणसाचा गुरुत्वमध्य साधारण तिथेच असतो, उंचीच्या मध्याच्या जरा वर. तार त्याच्या बरीच वर, म्हणजे खांद्याला अडकवली, तर शरीर लंबकासारखं सरळच राहणार, कोलांटी मारता येणार नाही. त्याच्या खाली अडकवली तर डोकं खाली, पाय वर. अगदी गुरुत्वमध्यापाशी अडकवली तर शरीर कसंही फिरवा, ते तिथेच राहतं.

आता खरं मर्म. साध्या उडीत माणूस सुमारे अर्धा मीटर वर जातो. त्यासाठी जमीन सोडताना त्याचा वेग सेकंदाला ३.१ मीटर असावा लागतो आणि तो ०.६४ सेकंद हवेत राहतो. पुरेसा दम घ्यायलाही हा वेळ कमी, तलवारबाजी तर दूरच. समजा तारेच्या दुसऱ्या टोकाला प्रतिभार बांधला. विहिरीवरच्या रहाटाला एका बाजूला बादली, दुसऱ्या बाजूला दगड, तसं. नटाचं वस्तुमान ६० किलो, प्रतिभार ४० किलो. पटकन वाटतं की २० किलोचंच वजन उरलं, म्हणजे गुरुत्व एक तृतीयांश झालं. तसं होत नाही. खाली खेचणारं जादा वजन २० किलोचं असलं तरी हलवायचं आहे ते दोघांना मिळून, १०० किलोला. म्हणून त्वरण २० भागिले १००, म्हणजे नेहमीच्या गुरुत्वत्वरणाच्या (g च्या) एक पंचमांश, सेकंदाच्या वर्गाला सुमारे २ मीटर. (प्रतिभारालाही जडत्व असतं हे विसरणारा मी एकटाच विद्यार्थी नसेन.) तारेतला ताणही ४० किलोच्या वजनाइतका राहत नाही, हालचाल चालू असताना तो ४८ किलोच्या वजनाइतका असतो. आता नटाला सुरुवातीचा वेग तोच ३.१ मीटर मिळाला असं धरा. तो अडीच मीटर वर जाईल आणि ३.२ सेकंद हवेत राहील. तेवढ्यात चार वार, एक कोलांटी आणि एक करारी कटाक्ष आरामात बसतो.

गणित चोख आहे. मग भाच्याला खोटं का वाटलं?

कारण तार फक्त शरीराला धरते. केसांना, बाह्यांना, अंगरख्याच्या घोळाला कोणी तार बांधलेली नसते.

याचं मूळ आइनस्टाइनपर्यंत जातं. १९०७ साली बर्नच्या पेटंट कचेरीत बसलेला असताना त्याला सुचलं की मोकळा पडणारा माणूस स्वतःचं वजन अनुभवत नाही. माणूस, त्याची टोपी, खिशातली किल्ली, सगळं एकाच त्वरणानं पडतं, त्यामुळे एकमेकांच्या तुलनेत काहीच काही ओढत नाही. हे नुसतं पडतानाच नाही, वर जातानाही लागू होतं. पायांनी जमीन सोडल्याच्या क्षणापासून परत टेकेपर्यंत, चढत असा किंवा उतरत असा, तुम्ही भारहीन असता. त्या वेळात केस डोक्यावरून खाली लोंबत नाहीत, मोकळे तरंगतात. तारेवर टांगलेल्या माणसाचं तसं नसतं. तो नुसता अधांतरी स्थिर असेल तर त्याचे केस, आपण रेशनच्या रांगेत उभे असताना लोंबतात, तसेच शंभर टक्के वजनानं लोंबणार. वरच्या उदाहरणातल्या, एक पंचमांश त्वरणानं चढणाऱ्या-उतरणाऱ्या नटाचे केस ऐंशी टक्के वजनानं लोंबतील.

म्हणजे गंमत बघा. उड्डाण जितकं अलगद, तितके केस जड! दिग्दर्शक वीराला पिसासारखा हलका दाखवायला जातो आणि त्याच हिशेबानं त्याची वेणी ओळंब्यासारखी सरळ खाली येते. गवंडी ओळंबा लावून भिंत तपासतो, भाच्यानं तसाच सिनेमा तपासला.

हे मी करून पाहिलं. बहिणीच्या मुलीची लांब केसांची बाहुली घेतली, कमरेला दोरा बांधून पडद्याच्या दांडीवरून सोडली आणि मोबाइलवर सेकंदाला २४० चौकटींचं चित्रण केलं. दोरा सैल सोडत हळू खाली आणली तेव्हा केस आणि झग्याची कड निमूट खाली. मग दोरा काढून तीच बाहुली गादीवर वर फेकली, तर हातातून सुटताच केस विस्कटून चहूकडे पसरले आणि झगा फुगला. शेवटी मोबाइलच फेकला (गादीवरच, तरीही बायकोनं बघायच्या आत). त्यातला त्वरणमापक हवेत असेपर्यंत शून्याच्या आसपास दाखवत होता. दोऱ्यानं टांगला तेव्हा ९.८, म्हणजे पूर्ण g.

हातापायांचंही तेच. मोकळ्या उडीत पाय सावरायला स्नायू लागत नाहीत. तारेवर मात्र लांबवलेला पाय आडवा धरून ठेवायचा म्हणजे पोटाच्या स्नायूंची परीक्षा. थकलेल्या नटाचा पाय किंचित लोंबला की 'तो उडतोय' जाऊन 'तो लटकलाय' होतं.

सिनेमावाल्यांना अनुभवानं हे सगळं ठाऊक असतं, समीकरणं लिहीत बसत नाहीत इतकंच. मोठे पंखे लावून कपडे फडफडवायचे हा सोपा उपाय. त्याहून सुंदर उपाय गिरकीचा. असल्या सिनेमांतले वीर उगाचच गरगर फिरत वर जातात असं मला पूर्वी वाटायचं. हिशेब करा. सेकंदाला एक फेरी आणि अक्षापासून ३० सेंटिमीटरवरची बाही. तिला बाहेर फेकणारा परिणाम निघतो सेकंदाच्या वर्गाला ११.८ मीटर, म्हणजे g पेक्षा जास्त. त्यामुळे बाही खाली लोंबण्याऐवजी तिरकी बाहेर पसरते आणि ओळंबा लपतो. फुगडी रंगात आली की मुलींच्या वेण्या पाठ सोडून उडतात ना, तेच.

तिसरा उपाय कॅमेऱ्याचा. २४ ऐवजी सेकंदाला ४८ चौकटी टिपल्या आणि नेहमीच्या गतीनं दाखवल्या, तर काळ दुप्पट लांबतो आणि g चौपट कमी भासतो, कारण त्वरणाच्या हिशेबात काळाचा वर्ग येतो. इथे शरीर, केस, बाह्या, उडालेली धूळ, सगळ्यांचं गुरुत्व एकाच प्रमाणात घटतं. तारेसारखी चुगली होत नाही. फक्त पापणीही संथपणे मिटते, म्हणून चेहरा जवळून दाखवायचा नाही.

हल्ली अर्धी माणसंच संगणकात बनतात. त्यांचे कपडे म्हणजे हजारो छोटे वस्तुकण आणि त्यांना जोडणाऱ्या काल्पनिक स्प्रिंगा. तिथे g हा नुसता एक आकडा. केसांसाठी वेगळा, झग्यासाठी वेगळा ठेवता येतो. एवढं स्वातंत्र्य मिळूनही बरेचसे नवे भव्य चिनी सिनेमे मला धुपाच्या धुरासारखे वाटतात. कशालाच वजन नाही, त्यामुळे हलकेपणालाही अर्थ नाही.

भिंतीवर पळण्याचा प्रकार तर नासानं अक्षरशः वापरला आहे. १९६०च्या दशकात लँगली केंद्रात अपोलोच्या अंतराळवीरांना तारांनी कुशीवर, जवळजवळ आडवं टांगत आणि भिंतीसारख्या उभ्या फळीवर चालायला लावत. शरीर क्षितिजाशी साडेनऊ अंशांवर. साडेनऊ अंशांचं साइन ०.१६५, म्हणजे एक षष्ठांश, म्हणजे चंद्राचं गुरुत्व! पायांना तेवढंच वजन जाणवायचं, उरलेलं तारा पेलायच्या. कॅमेरा आडवा केला की माणूस चंद्रावर चालतोय असं दिसे. केस अर्थातच जमिनीकडे.

इथे 'चंद्रावर गेलेच नाहीत, स्टुडिओत तारांनी लटकवलं' म्हणणाऱ्यांना उत्तरही मिळतं. १९७२ मध्ये अपोलो १६ च्या जॉन यंगनं चंद्रावर गाडी दामटवली, त्याचं चित्रण आहे. चाकांमागून उडालेली धूळ कमानीत वर जाते आणि तशीच कमानीत खाली येते, ढग होत नाही. धुळीच्या प्रत्येक कणाला तार कोण बांधणार? बरं, कॅमेरा संथ केला म्हणावं, तर हवेतली धूळ संथ केली तरी तिचे लोट उठतातच. कमान मिळायला हवा काढून टाकावी लागते.

सुट्टी संपायच्या आदल्या रात्री भाच्यानं स्वतःहून सिनेमा पुन्हा मागितला. या वेळी आम्ही बांबूच्या वनापर्यंत पोचलो. झज्यांग प्रांतातल्या आन्जीच्या बांबूवनात, नटांना खरोखर क्रेनवरून झाडांच्या उंचीवर टांगून टिपलेला प्रसंग. तारा इथेही आहेत, नायक चाव युन-फॅटची छिंग राजवटीतली लांब वेणीही आहे. लांबी दुप्पट झाली की बांबूचं वाकणं आठपट होतं, त्यामुळे शेंड्यावर उभा माणूस खरं तर केव्हाच जमिनीवर यायला हवा. पण भाचा गप्प. चिवडा हातातच.

"इथे टांगलेत की नाही?" मी विचारलं.

"इथे बांबूवर उभेत ना," तो म्हणाला.

मी चित्र थांबवून पाहिलं. पायाखाली काहीतरी आहे. आणि ज्याच्या पायाखाली काहीतरी आहे, त्याची वेणी खाली लोंबायलाच हवी.