खन्न्याची धान्यमंडी: प्रवासाला निघण्यापूर्वी वाचावं असं माहितीपत्रक

पंजाबची सहल म्हटली की अमृतसर आणि वाघा सीमा ठरलेलीच. आम्ही त्याच वाटेवर खन्न्याला मुक्काम ठेवतो, आणि नोंदणीला येणारे बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात: तिथे बघायचं काय? किल्ला, राजवाडा, तलाव असं काही नाही, हे आधीच सांगून टाकतो. लुधियाना जिल्ह्यातलं हे शहर आहे. २०११ च्या जनगणनेत वस्ती सव्वा लाखाच्या जरा वर होती. जीटी रोड आणि रेल्वे दोन्ही गावातूनच जातात. आशियातली सर्वांत मोठी धान्यमंडी अशी खन्न्याची ख्याती आहे, आणि इथे पाहायचं ते हेच: गहू, आणि गव्हाभोवती अहोरात्र चालणारं काम. देशभरातल्या रेशन दुकानांसाठी जो साठा लागतो, त्यात पंजाबच्या गव्हाचा वाटा मोठा आहे. तो कुठून आणि कसा निघतो हे एकदा डोळ्यांनी बघावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

कधी यायचं

या पत्रकातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. पंजाबात गव्हाची सरकारी खरेदी १ एप्रिलला सुरू होते, पण त्या दिवशी मंडीत गेलात तर सिमेंटचे रिकामे फड, म्हणजे माल ओतायचे ओटे, दिसतील. कापणीला जोर येतो तो बैसाखीच्या, म्हणजे १३-१४ एप्रिलच्या सुमारास. पुढचे दोन आठवडे खरी गर्दी असते आणि मे अर्ध्यावर आला की सगळं ओसरतं. म्हणून आमची गव्हाची सहल एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यातच असते. शाळेच्या सुट्टीसाठी ती मे अखेरीला न्या, अशी विनंती दरवर्षी होते. आम्ही नाही म्हणतो, कारण तेव्हा तुमचे पैसे आणि वेळ दोन्ही वाया जातील.

दुसरा हंगाम भाताचा, ऑक्टोबरचा. मंडी तेव्हाही भरलेली असते, पण ऑक्टोबर सरताना शेतातला पेंढा जाळला जातो आणि हवेत धूर साचतो. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी ही सहल घेऊ नये. डिसेंबर-जानेवारीत दाट धुकं पडतं, गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. त्या दिवसांत आम्ही नोंदणीच घेत नाही.

मंडीत काय दिसेल

हार्वेस्टरमुळे गावंच्या गावं दोन आठवड्यांत कापून मोकळी होतात. घरी माल साठवायचा नाही, शेतातून ट्रॉली थेट मंडीत, अशी तिथली रीत. त्यामुळे सगळ्यांचा गहू एकदमच येऊन पडतो. फडावर ढीग ओतला जातो आणि पंख्याच्या यंत्रातून सफाई सुरू होते. एका बाजूने गहू घालतात, दुसऱ्या बाजूला दाणा पडतो, आणि काडीकचरा व धूळ उडून तुमच्या अंगावर येते. मग सरकारी खरेदी संस्थेचा माणूस येतो. मूठभर दाणे घेऊन ओलावा मोजायच्या छोट्या यंत्रात घालतो. ओलावा १२ टक्क्यांच्या आत असला तर काम सरळ. त्याच्या वर १४ टक्क्यांपर्यंत दरात कपात होते, आणि त्याहूनही ओला असला तर गहू फडावरच वाळवत बसायचं. हमीभाव २०२५ च्या हंगामात क्विंटलला २,४२५ रुपये होता.

या मोजणीच्या वेळी शेतकऱ्याच्या चेहऱ्याकडे लक्ष द्या. आकडा १२ च्या आत आला की रात्री घरी जाता येतं. नाही आला तर ढिगाशेजारी बाज टाकून झोपायचं.

पुढे तोलाई, ५० किलोच्या गोणीत भरणं आणि शिलाई. भाताची गोणी मात्र साडेसदतीस किलोची असते. गोण्या ट्रकवर चढवणारे बरेच हमाल बिहार आणि उत्तर प्रदेशातून हंगामापुरते आलेले असतात. भरलेल्या गोण्या वेळेवर उचलल्या गेल्या नाहीत तर नव्या ट्रॉल्यांना जागा उरत नाही आणि बाहेरच्या रस्त्यावर रांग लागते. अशी रांग लागलेली दिसली तर मंडीतून गोण्या उचलणं थांबलं आहे असं समजा.

आपल्या शेतकरी मंडळींनी अडत्याचं, म्हणजे मंडीतल्या दलालाचं, काम नीट समजून घ्यावं. पंजाबात सरकारी खरेदीसुद्धा अडत्यामार्फत होते आणि त्याची अडत (दलाली) शेतकरी देत नाही, खरेदी करणारी संस्था देते. उसनवारीही बहुतेकदा त्याच्याकडेच असते. २०२१ पासून मालाचे पैसे थेट शेतकऱ्याच्या खात्यात जमा होऊ लागले, तेव्हा या जुन्या नात्यात बराच फरक पडला. विक्रीची जी पावती मिळते तिला ‘जे फॉर्म’ म्हणतात. कुणी आपणहून दाखवली तर जरूर बघा. कर्ज किती आहे, असं मात्र कुणाला विचारू नका. पाण्याबद्दल विचारा, त्यावर लोक भरभरून बोलतात. भूजल इतकं खाली गेलं आहे की सरकारने ठरवलेल्या तारखेआधी भाताची लावणी करायला २००९ च्या कायद्याने बंदी आहे.

मंडीत वागताना

आपण कुणाच्या तरी कामाच्या जागी पाहुणे म्हणून जातो. ढिगावर पाय देऊ नये, चढून फोटो तर मुळीच काढू नयेत. माणसांचे फोटो विचारून काढा. हमाल ओझं घेऊन येताना वाट अडवू नका, त्याला मध्येच थांबणं शक्य नसतं. ट्रॉल्या आणि ट्रक सतत मागे-पुढे होतात, म्हणून लहान मुलांचा हात सोडू नका. बंद बूट, नाका-तोंडाला बांधायला उपरणं किंवा मास्क, आणि पाण्याची बाटली हवीच. आम्ही सकाळी लवकर आणि सूर्य कलल्यावर जातो, दुपारी नाही. बोलायला हिंदी पुरते. ‘सत श्री अकाल’ म्हणून सुरुवात केलीत तर समोरचा चहा पाजल्याशिवाय सोडणार नाही.

एप्रिलमध्ये वळवाचा पाऊस कधीही येतो. तो आला की ढिगांवर ताडपत्र्या पडतात आणि खरेदी थांबते. म्हणून मंडीसाठी आम्ही दोन दिवस राखून ठेवतो.

जवळपास

फतेहगढ साहिब अगदी जवळ आहे. गुरु गोविंदसिंगांचे धाकटे दोन साहिबजादे (मुलगे), जोरावरसिंग आणि फतेहसिंग, यांना इथे सरहिंदच्या सुभेदाराने भिंतीत चिणून मारलं. ज्या बंदा सिंग बहादुराने १७१० मध्ये त्या सुभेदाराचा पराभव करून सरहिंद घेतलं, तो निघाला होता आपल्या नांदेडहून. गुरुद्वाऱ्यात डोकं झाकलेलं हवं, चपला बाहेर, आणि खिशात तंबाखू किंवा गुटखा चुकूनही नको.

संघोलला हडप्पाकालीन वस्तीचे अवशेष आणि बौद्ध स्तूप आहे. १९८५ मध्ये तिथे कुषाण काळातली ११७ शिल्पं जमिनीत पुरलेली सापडली. लाल वालुकाश्मातली, मथुरा शैलीची. इतक्या सुंदर वस्तू आणि इतकी कमी गर्दी, असं क्वचितच होतं. तिथल्या संग्रहालयासाठी अर्धा दिवस काढा.

लुधियान्याचं पंजाब कृषी विद्यापीठ १९६२ मध्ये सुरू झालं. आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना ‘कल्याणसोना’ गहू आठवत असेल, त्याच्या निर्मितीत या विद्यापीठाचा मोठा हात होता. विद्यापीठाचा किसान मेळा मार्च आणि सप्टेंबरमध्ये असतो. म्हणजे मेळा आणि गव्हाची मंडी एकाच सहलीत जमत नाही.

संत नामदेवांचं घुमाण याच सहलीत जोडा, असंही अनेक जण सुचवतात. ते गुरदासपूर जिल्ह्यात, बटाल्याकडे आहे. जोडता येतं, पण त्यासाठी दिवस वाढवावा लागतो.

जाणं, राहणं, खाणं

अमृतसरकडे जाणाऱ्या गाडीने लुधियान्याला उतरायचं, तिथून खन्ना साधारण ४५ किलोमीटर. मराठवाड्यातल्या मंडळींना नांदेडची सचखंड एक्स्प्रेस सोयीची आहे. वाटेत काही स्टेशनांवर लंगरचं जेवण मिळतं, ते घ्यायला घरून एखादा रिकामा डबा जवळ ठेवा. हॉटेल साधं पण स्वच्छ असतं. मक्याची रोटी आणि सरसोंचा साग हे थंडीतलं खाणं आहे, एप्रिलमध्ये त्याचा आग्रह धरू नका. दाल, तंदुरी रोटी आणि लस्सी मात्र मनसोक्त मिळेल. जेवणात तूप आणि लोणी सढळ असतं. पथ्य असेल तर नोंदणीच्या वेळीच कळवा, आम्ही ढाब्यावर आधी सांगून ठेवतो.

नोंदणी करताना तुम्ही स्वतः शेती करता का, आणि कोणती पिकं घेता, तेही लिहा. त्यावरून तुमची गाठ कुणाशी घालून द्यायची हे आम्हाला ठरवता येतं.